घरतमामा आणि सातव्या नमुन्याची बाटली

घरतमामा,

आधी माफी मागतो. तुमच्यावर लिहायचा मान माझा नाही. प्रयोगशाळेत बापट मॅडमनी तुमच्याबरोबर बारा वर्षं काम केलं, त्यांनी लिहायला हवं होतं. पण शोकसभेत प्राचार्य म्हणाले, "वार्षिकांकात घरतांवर कोणीतरी दोन पानं लिहा," आणि सगळ्यांनी एकदम माना खाली घातल्या. मला हे उशिरा कळलं. मी वरच बघत होतो. "हां, तू लिही," सर म्हणाले.

मी आजवर प्रॅक्टिकलच्या जर्नलशिवाय काही लिहिलेलं नाही. त्यामुळे पहिल्यांदा बसलो तेव्हा सवयीने लिहून गेलो, "उद्देश: घरतमामांची आठवण काढणे. साहित्य:" आणि तिथेच थांबलो. साहित्यात काय लिहायचं? दोन वाट्या, एक बरणी, एक माणूस?

दुसरी एक माफी आहे. ती पहिलीपेक्षा जड आहे, म्हणून ती खाली येईल. जड ते खाली येतं हे मी तुम्हाला समजावत होतो आणि तुम्ही ते शेवटपर्यंत मानलं नाही.

तुमचा जन्म कधीचा, नोकरीला कधी लागलात, हे ऑफिसने लावलेल्या नोटिशीत आहे. तिथे तुम्ही 'प्रयोगशाळा परिचर' आहात. नोटिशीत हे नाही की मी पहिल्या दिवशी प्रयोगशाळेच्या दारात चपला काढल्या होत्या. आत सगळं इतकं पांढरं आणि गप्प होतं की मला दुसरं काही सुचलंच नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. अप्पा तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी, दिवसभर पाठीवर गोणी. प्रयोगशाळेत कसं जायचं हे मला सांगणार कोण? बाकीची मुलं बूट घालून आत गेली आणि मी अनवाणी उभा. तुम्ही टेबल पुसता पुसता बघितलं.

"कुठला रं तू?"

"साताऱ्याचा. म्हणजे, आता कोपरखैरण्याला राहतो."

"सातारी, चपला घाल. ह्ये देऊल नाय. हितं कधी ॲसिड सांडलेलं असतं, तवा देव पन येत नाय मदतीला."

त्या दिवसापासून माझं नाव सातारी. हजेरीपटावरचं नाव मॅडमही विसरल्या.

नंतर कळलं की ही जागा मुळात खाडीकाठची. "तुजा तराजू ठेवलाय नं, बरोबर तिथं मी निवट्या पकरल्यात," तुम्ही म्हणायचात. चिखलात उड्या मारणारे ते मासे मी कधी पाहिले नव्हते. तुम्ही बोटांनी टेबलावर त्यांची उडी करून दाखवायचात आणि दहा हजारांश ग्रॅम मोजणारा माझा तराजू थरथरायचा. तुमच्या उरणकडच्या गावाहून तुम्ही रोज एसटीने यायचात. निवट्या गेल्या आणि त्यांच्या जागी आम्ही आलो, याबद्दल तुम्ही कधी तक्रार केली नाहीत. फक्त एखादा मुलगा चुकीचं वजन लिहायला लागला की म्हणायचात, "निवटी हुशार व्हती."

बी.फार्म.च्या शेवटच्या वर्षी मला प्रोजेक्ट मिळाला. गजकर्णावर पोटातून घ्यायचं एक जुनं औषध आहे, ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. गोळी पोटात जाते, आणि बरंचसं औषध रक्तात न जाताच बाहेर पडतं. उपाय एक असा, की त्याचे कण इतके बारीक करायचे की तेवढ्याच औषधाला पाणी कितीतरी जास्त जागी शिवेल. मग ते लवकर विरघळतं. मॅडमनी हे फळ्यावर पंधरा मिनिटांत समजावलं. मला ते घरी समजावायला एक रविवार लागला.

"म्हणजे तू औषध बारीक करणार," अप्पा म्हणाले.

"हो."

"त्याला चार वर्षं? नाक्यावरच्या गिरणीवाल्याकडं ठेवला असता तर सहा महिन्यांत शिकला असतास. वर डोक्यावर पंखा."

मी सोमवारी येऊन तुम्हाला हे सांगितलं. तुम्ही हसाल असं वाटलं होतं. पण तुम्ही औषधाचं नाव विचारलंत. मी सांगितल्यावर पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेऊन पोटरीवरचा एक जुना डाग दाखवलात.

"ह्या गोल्या मी खाल्ल्यात. मिठागरावर कामाला व्हतो तवा. दोन महिने पेजेबरोबर घेतल्या, गजकर्न हसत व्हतं माज्याकडं. मग डाक्तर बोलला, तेलातुपाच्या जेवनाबरोबर घे. मी जिताड्याच्या कालवनाबरोबर घेतल्या. पंधरा दिवसांत गेलं. आता सांग, मना औषधानं बरं केलं का जिताड्यानं?"

लायब्ररीत बघितलं तर खरंच लिहिलं होतं, चरबीयुक्त आहाराबरोबर हे औषध जास्त शोषलं जातं. खाडीतल्या त्या चरबीदार माशाचा, जिताड्याचा, उल्लेख मात्र नव्हता. मी परत येऊन तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "पुस्तक लिवनारा उरनला आला नसंल."

मग दळण सुरू झालं. चिनी मातीची बरणी, आत चिनी मातीचेच गोळे, बरणी आडवी ठेवून रुळांवर फिरवायची. सकाळी दहाला सुरू, पाचला बंद. गोळे एकमेकांवर आपटत राहायचे आणि मधे सापडलेलं औषध चिरडायचं. बरणीचा गडगडाट इतका की शेजारच्या वर्गातले सर खडू आपटून जायचे. तीन दिवस मी स्टूल टाकून तिथे बसलो, जणू माझ्या बसण्याने कण बारीक होणार होते. चौथ्या दिवशी पावडर काढली. हाताला मैद्यासारखी मऊ. मी चिमूटभर काचेच्या भांड्यातल्या पाण्यावर टाकली.

ती तरंगली.

मी ढवळलं. ती गोळा होऊन कडेला गेली, आणि तिथूनही तरंगत राहिली. तीन दिवसांच्या गडगडाटानंतर माझं औषध पाण्यात जायलाच तयार नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं हे तुम्ही पाहिलंत. तुम्ही भांड्यात वाकलात आणि गंभीरपणे म्हणालात, "पोहाया येतंय त्याला. तू उगाच टेन्शन घेतंस."

मग स्टूल ओढून बसलात.

"तुमच्यात मसाला कसा वाटतात? कोरडा?"

"कोरडा मिक्सरला. ओला पाट्यावर."

"लोन्यासारखा कुठला व्हतो?"

"ओला."

"मग?"

एवढंच. 'मग' म्हणालात आणि उठून बाटल्या विसळायला गेलात. त्या एका 'मग'वर माझा अर्धा प्रोजेक्ट उभा आहे.

ओलं वाटायचं ठरलं, तसे बारीक काचेचे मणी हवे होते. मातीचे गोळे फार मोठे होते. कॉलेजात मणी नव्हते, मागवले तर दोन महिने लागणार होते. तेव्हा तुम्ही आणि मी पनवेलच्या बाजारात बांगड्यांच्या दुकानात गेलो. दुकानदारीण बाई हुशार होती. "लग्न कुणाचं?" तिने विचारलं. तुम्ही माझ्याकडे बोट दाखवलंत. मी लाजून "औषधासाठी आहेत" म्हणालो, तर ती म्हणाली, "सगळेच असं म्हणतात." तुम्ही सगळ्यांत बारीक मणी मागितलेत. ते गुलाबी होते. काच ती काच, रंग कुठे जातो, असं आपल्या दोघांनाही वाटलं.

रंग गेला. दुसऱ्या दिवशी बरणी उघडली तर आत गुलकंदाच्या रंगाचं काहीतरी होतं. शिवाय आपण दोघं एक गोष्ट विसरलो होतो. ओवायच्या मण्यांना भोक असतं, आणि माझं अर्धं औषध त्या भोकांत जाऊन बसलं होतं. एक सबंध दुपार आपण समोरासमोर बसून टाचणीने मण्यांतून औषध कोरत होतो. तेवढ्यात बापट मॅडम आल्या. त्यांनी आधी मला पाहिलं, मग तुम्हाला, मग त्या गुलाबी ढिगाला.

"हे संशोधन आहे की रुखवत?"

"मॅडम, पोरगा हलू हलू शिकतंय," तुम्ही म्हणालात. पनवेलला जाऊ या असं सुचवणारे तुम्ही होतात. पण तेव्हा मी काही बोललो नाही, आणि ते बरोबरच होतं.

तुमचा भाचा महाप्याच्या रंगाच्या कारखान्यात होता. त्याने सांगितलं की त्यांच्याकडे रंग असाच वाटतात, काचेच्या बिनभोकाच्या मण्यांमध्ये, ओला. घराच्या भिंतीला देतो तो रंग! मॅडमना सांगितलं तर त्यांचे डोळे चमकले. म्हणाल्या, परदेशातही काही लोकांनी हे रंगवाल्यांकडूनच उचललंय म्हणतात. तुम्ही जेवणाच्या डब्यात मणी घेऊन आलात. मी ते सात वेळा धुतले. आठव्यांदा तुम्ही हात धरलात. "मनी झिजतील आता."

पुढचा घोळ त्याहून मोठा. ओलं वाटल्यावर कण खरोखर बारीक झाले, पण बरणी थांबवून तासभर ठेवली की पुन्हा एकमेकांना चिकटून गुठळ्या व्हायच्या. जितके बारीक, तितके चिकटायला उतावीळ. मी पुस्तकातून पृष्ठभागाची ऊर्जा वगैरे वाचून दाखवली. तुम्ही शांतपणे ऐकलंत.

"मामी पापर लाटते नं, ते एकावर एक ठेवताना मधी पीठ लावते. नाय लावलं तर सगल्यांचा मिलून एक पापर व्हतो. तुज्या कनांना पीठ कोन लावतं?"

"पाण्यात पीठ कसं लावणार, मामा?"

"पेज घाल."

आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही खरंच मामींनी दिलेली तांदळाची पेज स्टीलच्या किटलीतून आणलीत, मीठ न घालता. हे मी मॅडमना विचारायला हवं होतं. पण तुम्ही किटली इतक्या हौसेने आणली होतीत, आणि मलाही वाटलं, बघू या. पहिल्या दिवशी गुठळ्या झाल्या नाहीत. आपण दोघांनी चहा मागवला. मधे रविवार आला. सोमवारी बरणीचं झाकण उघडताना फट्ट असा आवाज आला, आणि आंबलेल्या पेजेचा वास जिना उतरून ऑफिसपर्यंत गेला. क्लार्क वर आला आणि विचारून गेला की डबा कुणाचा राहिलाय.

मॅडम रागावल्या नाहीत. नाकाला पदर लावून त्यांनी सूक्ष्मदर्शकात पाहिलं आणि म्हणाल्या, "चिकटलेले नाहीत. कल्पना बरोबर आहे, फक्त आंबणार नाही असं काहीतरी घ्या." मग त्यांनी लाकडातल्या सेल्युलोजपासून केलेली एक पांढरी भुकटी दिली. पाण्यात घातली की पेजेसारखीच दाट होते. जोडीला साबणाच्या जातीच्या एका द्रव्याचे दोन थेंब, टिकण्यासाठी आणखी थोडं काही. एक ते सहा नमुने बिघडले. सातवा दुधासारखा झाला. पांढरा, एकसारखा, काचेवरून घरंगळणारा.

त्याचा थेंब मी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि तुम्हाला बोलावलं. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून एक डोळा लावलात.

"सातारी, हे जितं हाय."

"नाही मामा. पाण्याचे रेणू धक्के देतात म्हणून कण हलतात."

"आरं नाचतंय! निवटीची पिल्लं बघ, अशीच."

"औषध आहे ते, मामा."

"मग औषधाला जीव आला." असं म्हणून तुम्ही शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना बोलावून आणलंत. प्राचार्यांना कोणता डोळा मिटायचा ते कळेना, तेही तुम्हीच दाखवलंत.

आता ती दुसरी माफी.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक फार मोठे होते. बोटांत पेन फिरवत त्यांनी माझा अहवाल चाळला आणि विचारलं, "ओलं दळण, रंगाच्या कारखान्यातले मणी, हे आवरण. चांगली कल्पना आहे. तुम्हाला सुचली कशी?"

मी मनात तयारी केली होती की सांगायचं. पण त्यांच्या समोर बसल्यावर वाटलं, पाटा, पापड आणि पेज असं म्हटलं तर हे हसतील. मला वाटलं की मी पुन्हा दारात चपला काढून उभा आहे. मी म्हणालो, "लिटरेचर सर्व्हेमधून, सर."

तुम्ही तेव्हा त्यांच्यासाठी पाण्याचा ग्लास ठेवत होतात. ग्लासाचा आवाजसुद्धा झाला नाही.

बाहेर आल्यावर तुम्ही विचारलंत, "झालं बरं?" मी हो म्हणालो. "मग झालं," तुम्ही म्हणालात, आणि बरण्या धुवायला गेलात.

तेवढंच असतं तरी एक वेळ. पण अहवालात आभाराचं पान होतं. त्यात मी प्राचार्यांचे, मॅडमचे, ग्रंथपालांचे, आईवडिलांचे आणि टायपिस्टचे आभार मानले होते. टायपिस्टने माझ्या आडनावात चूक केली होती, तरी त्याचे मानले. तुमचे नव्हते. एका मित्राने सांगितलं होतं की परिचरांची नावं घालत नाहीत, बरं दिसत नाही. आणि मी ते ऐकलं.

बांधलेला अहवाल आला तेव्हा तुम्ही तो पंचाने हात पुसून उघडलात. इंग्रजी तुम्हाला वाचता येत नव्हतं. नेमकं तेच पान समोर धरलंत. "ह्यात काय लिवलंय?"

मी वाचायला लागलो. वाक्यावाक्याचं मराठी करून सांगत होतो. मॅडमचं नाव झालं, आणि मी वर बघितलं. तुमचं तोंड असं होतं की, मामा, मी पुढे वाचलंच नाही. मी म्हणालो, "आणि श्री. हिराजी घरत, ज्यांच्याशिवाय हे काम झालं नसतं."

"परत वाच."

मी परत वाचलं. घाबरून या वेळी पहिल्या ओळीतच तुमचं नाव घेतलं.

तुम्ही मिशीत हसलात. "मगाशी मी मॅडमच्या खाली व्हतो. आता प्राचार्यांच्या वर गेलो. लय लवकर बढती दिलीस."

तुम्ही पान मिटलंत, अहवाल माझ्या हातात दिलात आणि विचारलंत, "चहा घेनार?" चहात साखर तुम्ही नेहमीपेक्षा जास्त घातली होती.

मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी तुम्ही निवृत्त झालात. शाल, श्रीफळ, भाषणं झाली. सगळे गेल्यावर तुम्ही सातव्या नमुन्याची एक बाटली मागितलीत.

"घेऊन जा," मी म्हणालो. "पण कधीतरी तळाला बसणारच ती. कण पाण्यापेक्षा जड आहेत."

"नाचनारा मानूस बसतो कवा?"

"दमला की बसतो."

"ही दमनार नाय."

अर्धा तास वाद झाला आणि पैज लागली. मुदत एक वर्ष. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बाटली एकदाच उलटी करायची, हलवायची नाही. तळाला घट्ट थर चिकटून राहिला तर नमुना बसला. तळ साफ झाला तर नाही बसला. बसला तर तुम्ही महिनाभर मासा खाणार नाही. नाही बसला तर मी स्वतःच्या हाताने बाजारातून जिताडा निवडून आणायचा आणि तुमच्या घरी बसून खायचा. आमच्याकडे मटण चालतं, पण मासा म्हटला की माझ्या अंगावर काटा येतो. लहानपणी भावाच्या घशात मासळीचा काटा अडकला होता, तेव्हापासून मी मासळीबाजाराच्या पलीकडच्या फुटपाथने जातो. तुम्हाला हे माहीत होतं. म्हणून तर पैज तीच लावलीत.

शिवाय म्हणालात, "येत्या रविवारीच ये. मामी बोलावते."

तो रविवार आलाच नाही. एम.फार्म.चा प्रवेश, मग परीक्षा, मग आणखी काही. खरं सांगतो, कारणं खोटी नव्हती, पण पुरी खरीही नव्हती. मला वाटायचं तुमच्या घरी गेलो आणि मामींनी विचारलं की पुस्तकात आमच्या माणसाचं नाव कुठे आहे, तर मी काय वाचून दाखवू?

तुम्ही मात्र दर पहिल्या तारखेला गावाच्या नाक्यावरच्या पीसीओवरून ऑफिसात फोन करायचात. क्लार्क कॉरिडॉरमधून ओरडायचा, "सातारी, बसला नाही म्हणे!" नवीन मुलांना वाटायचं माझं कुठेतरी लग्न जुळवायचं चाललंय आणि ते काही बसत नाही. दिवाळीच्या सुमारास एका मुलीने मला धीर दिला. "बसेल रे, होतं असं." मी तिला बाटलीचं सांगितलं. त्यानंतर ती माझ्याशी जपूनच बोलायची.

एक मे सुट्टीचा, म्हणून अकरावा निरोप दोन तारखेला आला. नेहमीचाच. पुढे एक वाक्य जास्त होतं: "सातारीला सांगा, दात घासून तयार राहा."

मग मी सुट्टीला साताऱ्याला गेलो. तुम्ही गेलात ते पंधरा दिवसांनी, दुपारी, जेवून पडलेले असताना. मला ते परत आल्यावर सूचनाफलकावर कळलं. फलकावर तुमच्या नोटिशीशेजारी हरवलेल्या लॅबकोटची नोटीस होती. लॅबकोट माझा होता.

मामा, मला तुमचा राग आला. एवढी घाई? वाद अर्धा सोडून असं कोणी जातं का? मला अजून सांगायचं होतं की नाचणारे कणसुद्धा हळूहळू एकमेकांत विरघळून मोठे होतात, आणि मोठे झाले की बसतात. तुम्ही यावर काहीतरी उलट बोलला असतात, आणि ते मला पुढच्या प्रोजेक्टला उपयोगी पडलं असतं. एम.फार्म.चं काम अडकलंय. मी बरणीसमोर स्टुलावर बसतो आणि 'मग?' म्हणणारं कोणी नसतं.

परवा मी त्याच टायपिस्टकडे गेलो आणि आभाराचं पान नवीन टाइप करून घेतलं. त्यात पहिलं नाव तुमचं आहे. खाली पाटा, पापड आणि पेज, तिन्हींचा उल्लेख आहे. टायपिस्टने विचारलं, हे नक्की फार्मसीचंच ना? माझं आडनाव त्याने पुन्हा चुकवलं, पण तुमचं बरोबर आलंय. मॅडमनी सही केली आणि लायब्ररीतल्या प्रतीत ते पान स्वतःच्या हाताने चिकटवलं. डिंक लावताना म्हणाल्या, "हे वर्षभर आधी करायचं होतंस." मी हो म्हणालो.

पण हे तुम्हाला कळणार कसं, एवढंच मला कळत नव्हतं. त्या पानाचं तुम्ही ऐकलंत ते फक्त माझं खोटं वाचन. तुम्ही ते हसून घेतलंत की सोसून घेतलंत, हे मला तुम्हाला विचारायचं होतं, आणि हा लेख मी त्याच प्रश्नावर संपवून काल रात्रीच्या जेवणाआधी पाकिटात घातला होता.

आज सकाळी तो द्यायला ऑफिसात गेलो. आज एक जून. क्लार्क टेलिफोन हातात धरून उभा होता आणि या वेळी ओरडला नाही. नुसताच माझ्याकडे बघत होता. "घरतांच्या गावाहून आहे," तो हळू म्हणाला.

मी रिसीव्हर कानाला लावला. पलीकडे मामी होत्या. पीसीओवरून त्या पहिल्यांदाच बोलत असाव्यात, कारण त्या उरणहून थेट ऐकू येईल अशा आवाजात बोलत होत्या.

"सातारी काय? ऐक. आज पयली तारीक. मी बाटली उलटी केली, ते करायचे तशी. एकदाच. तल साफ हाय. बसला नाय."

"हो मामी," मी म्हणालो.

"मग रविवारी ये. जिताडा तूच आनाचा हाय. डोले बघून घे, लाल नको. काटं मी कारून देईन. आन येताना त्ये तुजं पुस्तक आन. वाचून दाखव मना. ह्ये रोज पोट धरून हसायचे. बोलायचे, सातारीनं माजं नाव लिवलं नाय, पन वाचतो काय झ्याक! दर येली मना वरच्या जागंवर नेऊन ठेवतो."